खाडीची पाळी

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. ऊन असं पडत होतं की चिखल वरून सुकायचा आणि आतून ओलाच राहायचा. पाय टाकला की वरचा पापुद्रा मोडायचा आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जायचा. दादू सकाळी खाडीतून परत आला तेव्हा त्याच्या टोपलीत दोन मुठी निवट्या मासे आणि सात चिंबोऱ्या होत्या. डाव्या टाचेला कालवाच्या शिंपल्याने चिरलं होतं. ओट्यावर बसून तो टाच धूत होता.

त्याची सून येसूबाई चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधत होती. बाजाराला निघायची तिला घाई होती.

"बाबा, येवढ्याच?"

"घरी होत्या तेवढ्या आल्या. बाकीच्या म्हनाल्या उद्या येतो."

येसूबाई हसली नाही. तिने टोपली हलवून बघितली, जणू खाली अजून काही निघेल.

तेवढ्यात तिची मुलगी रुतिका शाळेतून परत आली. रुतिका नेरूळच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकून एम.ए. झाली होती. जूनपासून ती करावे गावातल्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांना अर्थशास्त्राचा वर्ग घ्यायची, आठवड्यातून दोनदा, फुकट. एका ट्रस्टने पुस्तकं आणि खेळांचं सामान दिलं होतं आणि मदतीला बेलापूरच्या एका ऑफिसातले लोक आळीपाळीने यायचे.

"ऑफिसवाले येनार नायत," ती उंबऱ्यावरच म्हणाली. "त्यांचं ऑडिट हाय म्हने."

"तू हायस ना," दादू म्हणाला.

"वर्गात दोन स्वयंसेवक लागतात, आजा. नियम हाय. आन पुढच्या शुक्रवारी ट्रस्टच्या मॅडम वर्ग बघायला येनार. त्यांनी चांगलं लिवलं तर तीन वर्षं पैसे मिळतील. मना पगार, पोरांना पुस्तकं. नाय तर दिवाळीला बंद."

"बंद तर बंद," येसूबाई म्हणाली. "सीवूडचा शोरूमवाला एक तारखेपर्यंत थांबनार हाय. एसीत उभं ऱ्हायचं, कपड्यांच्या घड्या घालायच्या, पगार घ्यायचा. पाच म्हैने फुकट शिकवलंस, कोनी तांदूळ आनून दिला काय?"

रुतिका आत गेली. तिने आतून तांब्या आणला आणि दादूच्या टाचेवर हळूहळू पाणी ओतलं. येसूबाई टोपली डोक्यावर घेऊन गेली, तशी रुतिका म्हणाली, "आजा, तू येशील?"

"खय?"

"वर्गात. दुसरा स्वयंसेवक म्हनून."

दादूने तिच्याकडे बघितलं. अक्षरं त्याला पन्नाशीनंतर लागली होती, साक्षरतेच्या वर्गात, कंदिलापेक्षाही मिणमिणत्या ट्यूबखाली. अजून तो ओळीवर बोट ठेवूनच वाचायचा. बोट उचललं की ओळ हरवायची.

"मी काय शिकवनार? पैशाचं मना काय कळतं? असता तर कळला असता."

"पैशाचंच नसतं ते. एखादी वस्तू थोडी असली आन मानसं जास्त, तर काय करायचं, त्याचं असतं."

"मग तुझ्या आयशीला ने," दादू म्हणाला. "रोज सकाळी तेच तर करते." पण त्याने नाही म्हटलं नाही.

मंगळवारी तो धुतलेला सदरा घालून शाळेच्या फाटकाशी गेला. वॉचमन नवा होता.

"मच्छीवाले मागनं," त्याने सांगितलं.

"मच्छी नाय आनली."

"मग मागनंच. गटार तिकडं तुंबलंय."

दादू मागच्या बाजूला गेला. तिथे खरंच गटार तुंबलं होतं. तो गटाराजवळ उभा राहिला. शाळा भरली, प्रार्थना झाली, तरी तो उभाच. शेवटी रुतिका शोधत आली आणि तिने त्याचा हात धरून त्याला पुढच्या फाटकातून आत नेलं. वॉचमन बघत राहिला. दादू त्याला म्हणाला, "गटार बगितलं. काठी घालून ढवळ, खाली पिशवी अडकलीय."

मुख्याध्यापिका जयमालाबाई फॉर्म भरून घेत होत्या. नाव झालं, वय झालं.

"शिक्षण?"

"साक्षरता वर्ग. पास."

जयमालाबाईंनी मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि तसंच लिहिलं. मग कपाटातून ट्रस्टचा निळा टी-शर्ट काढून दिला. छातीवर मोठ्या अक्षरांत एक शब्द होता. दादूने बोट ठेवून वाचला: स्व, यं, से, व, क. टी-शर्ट त्याच्या मांड्यांपर्यंत आला. मागच्या बाकावर बसला तर गुडघे फळीखाली मावेनात, म्हणून तो आडवा बसला. पोरं मागे वळून खुदखुदली. त्यातली अर्धी गावातली होती, अर्धी बांधकामावर आणि पावणे एमआयडीसीच्या कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची, चाळीतल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी.

त्या दिवशी दुपारच्या ओहोटीला उघाडीवर दादूच्या घराची पाळी होती. गावाच्या बांधात लाकडी दारं आहेत, त्यांना उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी आत आलं की दारं पाडायची, ओहोटीला वर उचलायची आणि तोंडाशी जाळं बांधायचं. अजून एकोणीस घरं तिथे पाळीने जाळं लावतात. एकदा गेलेली पाळी परत यायला वीस दिवस लागतात. वर्ग सुटेपर्यंत पाणी निघून गेलं.

हे कळल्यावर येसूबाईने रात्रीच्या जेवणाला नुसता भात आणि मीठ-मिरची वाढली.

"कालवन?" दादूने विचारलं.

"शाळंत गेलंय," ती म्हणाली.

तरी तो शुक्रवारी गेला. पुढच्या मंगळवारीही गेला. पोरांच्या वह्या वाटल्या, फळा पुसला, गटात भांडणं झाली तर मध्ये जाऊन बसला. त्याला जास्त काही बोलावं लागलं नाही. स्वयंसेवकांची पुस्तिका होती, ती तो मागच्या बाकावर बसून वाचायचा. नववीतली मिताली, गावातल्याच दोन आळ्या पलीकडची, त्याचं बोट पानाच्या तळाशी आलं की न विचारता पान उलटायची.

तपासणीचा शुक्रवार आला. प्रियदर्शिनी मॅडम सकाळी अकराला आल्या. चाळिशीच्या, केस आखूड कापलेले, पायात चिखलाला न शोभणारे बूट. त्यांनी मागे खुर्ची घेतली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. त्या दिवशीचा धडा त्यांनीच ठरवून दिला होता आणि खेळाचं खोकं रुतिकाने त्यांच्यासमोरच पहिल्यांदा उघडलं.

खेळ असा होता. परात म्हणजे तळं. परातीत साठ चिंचोके, ते मासे. मुलांचे सहा गट. कुठला गट कधी येणार ते चिठ्ठ्या काढून ठरवायचं. ज्याने त्याने आपल्या क्रमाने यायचं आणि हवे तेवढे मासे काढायचे. दिवस संपला की उरलेले मासे दुप्पट होतात, पण तळ्यात साठांपेक्षा जास्त मावत नाहीत. गटांनी आपसात बोलायचं नाही. पुस्तिकेत पुढे लिहिलं होतं की दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी तळं रिकामं होईल, तेव्हा शिक्षकाने फळ्यावरचा प्रश्न विचारावा. तो प्रश्न रुतिकाने आधीच लिहून ठेवला होता: तळं का संपलं?

चिठ्ठ्या मिताली करत होती. मॅडमनी मान उंच करून बघितलं.

"सहाच गट आहेत ना? तिने सात चिठ्ठ्या केल्या."

रुतिकाने बघितलं. सहा चिठ्ठ्यांवर आकडे होते, सातवी कोरी होती. तिचे कान लाल झाले. "चुकून झालं असेल," ती म्हणाली. पण मितालीने सातही चिठ्ठ्या डब्यात टाकून हलवल्या होत्या.

पहिला नंबर अंकुरच्या गटाचा आला. अंकुर गावचाच, आडवातिडवा पोरगा. त्याने परातीतून वीस चिंचोके मोजून घेतले आणि जागेवर जाऊन बसला.

"पुढचा गट," रुतिका म्हणाली.

कोणी उठलं नाही.

"दुसरा नंबर कोनाचा?"

"आमचा," एक मुलगी म्हणाली. "पन आमची पाळी उद्या हाय."

सगळ्यांचे हात बाकाखाली. दिवस संपला असं धरून रुतिकाने उरलेल्या चाळिसांत भर घालून परात पुन्हा साठांची केली. दुसऱ्या दिवशी दुसरा गट आला, एकटा. त्यानेही वीस घेतले. तिसऱ्याने पंचवीस, चौथ्याने पंचवीस, पाचव्याने वीस. सहावा गट ज्योतिबाचा होता. ज्योतिबाचे आईबाप सोलापूरकडून बांधकामावर आलेले. त्याने परातीकडे बराच वेळ बघितलं, बोटांवर हिशेब केला आणि तीस काढले.

"तीस ऱ्हायल्यावर साठ हुत्यात," तो म्हणाला. "त्याच्या वर घेतलं तर उद्या कमी."

मग सातवा दिवस आला. कोरी चिठ्ठी. कोणीच उठलं नाही. मितालीने परातीवर आपला रुमाल पसरला आणि परत काढला.

"झाला खेळ," अंकुर म्हणाला.

परात भरलेली होती. फळ्यावर लिहिलं होतं, तळं का संपलं. रुतिका खडू हातात घेऊन फळ्याकडे बघत राहिली.

मॅडमनी लॅपटॉप बाजूला ठेवला. "हा खेळ मी अकरा शाळांत बघितलाय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण वर्गात सगळ्यांना ऐकू गेला. "एकाही ठिकाणी तळं उरलं नाही. मुलांना आधी पढवलेलं असलं की मला कळतं. मी वर्ग बघायला येते, पाठांतर नाही." त्यांनी दादूकडे बघितलं. "हे तुम्ही शिकवलंत का?"

दादू उभा राहिला. उठताना गुडघा फळीला लागला.

"शिकवलं नाय, बाई."

"मग त्यांना सात चिठ्ठ्या कशा सुचल्या?"

"सुचल्या नायत. तशाच असतात."

कोणी तरी हसलं. रुतिकाच्या हातातला खडू मोडला होता. दादूला ते दिसलं. त्याने टी-शर्टची कड खाली ओढली.

"उघाडीवर एकोनीस घरं हायत. वाचता कोनाला येत नव्हतं, म्हनून चिठ्ठ्या नव्हत्या. हर घराची एक खून. कोनाची कवडी, कोनाची सुपारी, कोनाचं खापर. माझ्या घराची फुटकी बांगडी. मडक्यात एकोनीस खुना टाकायच्या आन एक काळा खडा. जे पहिलं निघंल त्याची पहिली पाळी. त्या दिवशी दुसरा कोनी जाळं घेऊन जात नाय."

"आणि खडा?"

"ती खाडीची पाळी. त्या दिवशी दारं उघडी ठेवायची आन जाळं लावायचं नाय. जे हाय ते जाऊ द्यायचं."

"हे मुलांना तुम्ही कधी सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? बापाबरोबर मासळीची पाटी उचलायला जातात ती. क्रिकेटची बॅटिंग पन तशीच काढतात. एक चिठ्ठी कोरी. ती आली की सगळे पानी पितात."

"मी गावातला नाही," मागून ज्योतिबा म्हणाला. "मला ह्यातलं काय म्हाईत नव्हतं. पन आपली पाळी येनारच हाय म्हनल्यावर कशाला घाई करायची?"

मॅडमनी त्याच्याकडे वळून बघितलं. मग त्या उठल्या, परातीजवळ आल्या आणि चिठ्ठ्यांचा डबा उचलून खिडकीत ठेवला.

"ठीक. आता माझ्या नियमाने. पाळी नाही, चिठ्ठी नाही. सगळ्या गटांनी एकदम यायचं. मी टाळी वाजवली की सुरू."

त्यांनी टाळी वाजवली. पहिल्यांदा सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग अंकुर धावला आणि त्याच्यामागे वर्ग उठला. परात उलटली. चिंचोके फरशीवर उधळले, बाकांखाली गेले, एका मुलीची वेणी कोणाच्या तरी हातात आली, ज्योतिबाच्या कोपराला खरचटलं. तीस मोजेपर्यंत परात रिकामी झाली होती. मितालीच्या गटाला तीन मिळाले.

"बस," मॅडम म्हणाल्या. त्या थोड्या दमल्यासारख्या दिसत होत्या. त्यांचा हात लॅपटॉपकडे गेला, पण तेवढ्यात रुतिका फळ्याकडे वळली.

तिने लिहिलेला प्रश्न पुसला. पुस्तिका मिटून दादूच्या हातात दिली. मग फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारली.

"पहिल्या खेळात सगळ्यांना मिळून किती मिळाले?"

पोरांनी बेरीज केली. एकशे चाळीस.

"परातीत किती उरले?"

"साठ."

"आणि आत्ता?"

"साठ. उरले नाय काय."

"चिंचोके तेवढेच, परात तीच, तुम्ही तेच. मग बदललं काय?"

मिताली म्हणाली, "आता मना माझी पाळी कवा ते ठाऊक नव्हतं." अंकुर म्हणाला, "मी नाय घेतलं तर दुसरा घेनार, म्हनून घेतलं." ज्योतिबा म्हणाला, खाडीच्या पाळीचा काही उपयोग नाही, परात आधीच भरलेली होती. अंकुर त्याच्यावर उसळला. रुतिकाने त्याला थांबवलं नाही, खडू त्याच्या हातात दिला.

"समज, एकानं पस्तीस काढले," अंकुरने फळ्यावर लिहिलं. "उरले पंचवीस. झाले पन्नास. दुसऱ्यानं परत तीस काढले. उरले वीस, झाले चाळीस. आता खाडीची पाळी आली. कोनी नाय काढलं. चाळिसाचे साठ. भरली." तो वळला. "कोनाचा तरी हात जास्त पडतो, त्याच्यासाठी ती पाळी."

ज्योतिबा बराच वेळ फळ्याकडे बघत होता. "बरोबर हाय," तो म्हणाला. "पन एखाद्यानं पाळी नसताना जाळं लावलं तर?"

"पुढच्या दोन वेळा त्याची खून मडक्यात टाकत नाय," मिताली म्हणाली.

"आन त्यानं नाय ऐकलं तर?"

"त्याच्या मुलीला सोयरीक येत नाय," दादू मागून म्हणाला, आणि वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

तास संपल्याची घंटा झाली. कोणी उठलं नाही. नवे भाडेकरू आले तर त्यांना खूण द्यायची का, ह्यावर भांडण जुंपलं होतं. चाळीतली पोरं एका बाजूला, गावातली दुसऱ्या बाजूला, आणि मिताली आपल्याच गावच्या पोरांच्या विरुद्ध बोलत होती. रुतिका मध्ये उभी होती. ती एक प्रश्न विचारायची आणि बाजूला व्हायची. दादूने तिला असं कधी बघितलं नव्हतं. भरतीला होडी जशी आपोआप वर उचलली जाते, तशी ती दिसत होती.

प्रियदर्शिनी मॅडम खाली वाकून बाकांखालचे चिंचोके गोळा करत होत्या. दादू वाकला तेव्हा त्यांनी ओंजळ त्याच्यासमोर धरली.

"मी तुम्हाला खोटं ठरवलं," त्या म्हणाल्या.

"तुमी अकरा शाळा बगितल्या. आमी एक खाडी," दादू म्हणाला. "तुमचं पन चुकलं नाय."

जाताना त्या काही सांगून गेल्या नाहीत. निर्णय समिती घेते, एवढंच म्हणाल्या.

पुढचे नऊ दिवस घरात त्याबद्दल कोणी बोललं नाही. रुतिका सकाळी भाकऱ्या करायची, दुपारी फोन उलटा ठेवून बसायची. दादू पाग, फेकायचं जाळं, घेऊन खाडीवर जायचा. येसूबाईने शोरूमसाठी काळी पँट आणली आणि खिळ्याला अडकवून ठेवली. एकतीस तारखेपर्यंत ती तिथेच लटकत होती. येता-जाता तिघांनाही ती दिसायची.

एकतीसला सकाळी दादू चिंबोऱ्यांची टोपली घेऊन येसूबाईबरोबर नेरूळच्या बाजारात गेला. दिवाळी तोंडावर होती, तरी गिऱ्हाईक होतं. येसूबाई पाटावर बसून बोईट कापत होती. तिच्यासमोर सोसायटीतल्या एक बाई उभ्या होत्या, रोजच्या. रोज घासाघीस करणाऱ्या.

रुतिका स्टेशनच्या बाजूने चालत आली. धावत नाही, चालत. ती दादूजवळ येऊन उभी राहिली आणि तिने फोन पुढे केला. दादूने चष्मा लावला आणि बोट फोनवर ठेवलं. बोटाने अक्षरं सरकून पळाली. ती हसली, फोन स्वतः धरला आणि त्याने घाई न करता वाचलं. तीन वर्षं. शाळेत कायमची अर्थशास्त्राची खोली. रुतिकाची नेमणूक एक तारखेपासून, पगारी. शिवाय ट्रस्टच्या बाकीच्या शाळांत आता तळ्याचा खेळ दोन प्रकारे खेळवायचा, आणि दुसरा प्रकार लिहून द्यायचं काम कराव्याच्या वर्गाकडे, सात चिठ्ठ्यांसकट.

"का थांबलात?" येसूबाईने कोयता न थांबवता विचारलं. "कोनाचं काय?"

दादूने तिला सांगितलं. सगळं नाही, पहिल्या तीनच गोष्टी.

येसूबाईचा कोयता थांबला. तिने हात पदराला पुसले, एकदा, मग दुसऱ्यांदा, नीट. कमरेची पिशवी उघडून आपला फोन काढला आणि नंबर लावला. बाजारात बोलायच्या आवाजातच ती बोलली.

"शोरूम ना? मी रुतिकाची आय. ती येनार नाय. नाय, बरी हाय. तिला शाळेत घेतलंय. अर्थशास्त्र शिकवते ती. अ-र्थ-शास्त्र. तुमी दुसरी मुलगी बगा."

शेजारच्या दोन कोळणी आपली विक्री सोडून बघत होत्या. येसूबाईने त्यांच्याकडे बघितलं नाही. फोन ठेवला, बोईट परत हातात घेतलं.

"तुमची मुलगी प्रोफेसर?" सोसायटीतल्या बाईंनी विचारलं.

"मास्तरीन हाय," येसूबाई म्हणाली. "आन हे तिचे असिस्टंट." तिने कोयत्याने दादूकडे दाखवलं.

बाई हसल्या. मग त्यांना वाट्याची आठवण झाली. "बरं, ह्या वाट्याचं थोडं कमी कर ना."

"आज नाय," येसूबाई म्हणाली. "उद्या या. आज काय पन कमी होनार नाय."

आणि तिने मासा कापायला घेतला.